जुन्या फायबरच्या बोटीवर चिनी जंक शीड चढवायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्लिमथजवळ तुम्हाला एक जुनी २४ फुटी फायबरची बोट स्वस्तात मिळाली आहे. वजन दोन टनांच्या आसपास. डोलकाठी वाकलेली, तिला धरणाऱ्या तारा गंजलेल्या, शिडं उन्हानं कुजलेली. सगळं नवं घ्यायचं तर बोटीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येतो. म्हणून चिनी पद्धतीचं जंक शीड स्वतः बनवून लावावं असं तुमच्या मनात आहे, पण क्लबातली मंडळी म्हणतात की ते शीड वाऱ्यावर चढतच नाही, म्हणजे वारा जिकडून येतो त्या दिशेला तिरकं पुढे जातच नाही. तुम्ही विचारलंय: हे खरं का, डोलकाठी कुठे आणि केवढी, शीड घरी शिवता येईल का, आणि तुम्ही दोघं नवरा-बायको एवढ्याच माणसांना ते झेपेल का.

मी मूळचा वेंगुर्ल्याचा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर गेली १९ वर्षं जंक शिडाची बोट चालवतोय आणि दोन बोटींची अशी शिडं, काठ्या स्वतःच्या हातानं केली आहेत. माझं उत्तर: जरूर लावा. पण पैसे वाचतात एवढ्याच कारणानं लावू नका. खरं कारण वेगळं आहे, ते आधी सांगतो, कारण पुढचा प्रत्येक आकडा त्याच्याशी बांधलेला आहे.

एकदा आम्ही लाइम बे ओलांडत होतो. रात्रीचे दोन वाजले होते, पोर्टलंड बिलचा दिवा पुढे दिसत होता आणि वारा तासाभरात बोफर्ट मापावर चारवरून सहावर गेला. नेहमीच्या बर्म्युडा, म्हणजे उंच त्रिकोणी, शिडाच्या बोटीत अशा वेळी कमरेला पट्टा बांधून, हलत्या डेकवरून काठीपर्यंत जायचं, शीड थोडं उतरवून त्याची कडी आकड्यात अडकवायची, दोर ताणायचा, पुढचं शीड गुंडाळायचं. मी केबिनच्या दारात पायऱ्यांवर उभा होतो, तिथून हललोही नाही. शीट, म्हणजे शीड आत ओढून धरणारा दोर, सैल सोडला. हॅलयार्डचा, म्हणजे शीड चढवायच्या दोराचा, चाप उघडला. माझ्या हॅलयार्डवर दर साडेचार मीटरवर जाड सुताचे वेढे गुंडाळलेले आहेत, अंधारात बोटांना लागतात. एक वेढा हातातून गेला, वरून एक काठी खालच्या काठीवर टक् करून बसली. दुसरा गेला, दुसरी टक्. चाप बंद केला, शीट ओढला. एक मिनिटही लागलं नसेल. बायको खाली झोपलेली होती, ती उठलीसुद्धा नाही.

शीड कमी करणं इतकं सोपं असलं की माणूस ते वेळेवर करतो. अवघड असलं की 'बघू, थोडा वेळ थांबू' म्हणत राहतो, आणि समुद्रावरचे बहुतेक घोटाळे त्या 'थोडा वेळ' मध्येच होतात. वारा पडला की पुन्हा चढवायचा कंटाळाही येत नाही. जंक शिडाचं सगळं मोल माझ्या लेखी यात आहे. तेव्हा बांधताना कुठलीही निवड करायची वेळ आली की एकच विचारा: यामुळे दारात उभं राहून, एका हातानं, अंधारात शीड उतरवता येईल का? येत नसेल तर ती युक्ती कितीही देखणी असली तरी नको.

आता रचना. जंक शीड म्हणजे घराच्या खणांसारखे एकावर एक कापडाचे आडवे खण. दोन खणांमध्ये एक आडवी काठी, बॅटन. सगळ्यात वर जाड तिरकी काठी, यार्ड. सगळ्यात खाली बूम. प्रत्येक बॅटन एका सैल दोरानं, पॅरलनं, डोलकाठीला वेढलेली. शिडाचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे असतो, बाकीचा मागे. मागच्या कडेला बॅटनच्या टोकांना छोटे दोर बांधलेले, ते सगळे कप्प्यांमधून फिरून शेवटी एका शीटला येऊन मिळतात. म्हणजे शीड एका कोपऱ्यावर नाही, सहा-सात ठिकाणी धरलेलं असतं.

आपल्या गलबतांचं तिकोनी शीड ज्यानं जवळून पाहिलंय त्याला यातला फरक लगेच कळेल. ते शीड फार गुणी, वाऱ्यावरही चांगलं चालतं. पण दिशा बदलताना ती लांबलचक तिरकी काठी डोलकाठीच्या एका बाजूहून दुसऱ्या बाजूला न्यायला चार गडी लागतात, आणि वारा वाढला की शीड लहान करायची सोय नाही, दुसरं लहान शीड काढून चढवायचं. चिनी खलाशांनी हा प्रश्न फार पूर्वी वेगळ्या वाटेनं सोडवला. चौदाव्या शतकात इब्न बतूतानं कालिकतच्या बंदरात चिनी जहाजं पाहिली. त्यानं लिहून ठेवलंय की त्यांची शिडं बांबूची, चटईसारखी विणलेली असतात. चटईचं शीड कशाच्या जोरावर टिकत असेल? खण लहान आणि प्रत्येक खणाचा भार त्याच्या बॅटनवर जातो, म्हणून. कापडाला फार ताण सोसावा लागतच नाही. त्यामुळे आजही या शिडाला महागडं ताठ कापड लागत नाही. एखादा खण फाटला तर तो तेवढाच फाटतो, बाकीचे खण तुम्हाला घरी आणतात. माझा एक खण भर समुद्रात या कडेपासून त्या कडेपर्यंत उसवला होता, तशाच शिडानं ४० मैल आलो.

क्लबातल्या मंडळींचं म्हणणं पूर्ण खोटं नाही, पण ते जुन्या माहितीवर बसलेलं आहे. युरोपात हे शीड लहान बोटींवर रुजवलं ते ब्लाँडी हॅस्लर यांनी. दुसऱ्या महायुद्धात १९४२ साली डोंगीतून बोर्डोच्या बंदरात घुसून जर्मन जहाजांना सुरुंग लावणाऱ्या तुकडीचे ते प्रमुख. १९६० साली अटलांटिक एकट्यानं ओलांडायची पहिली शर्यत झाली, तिची कल्पना त्यांचीच. पाच बोटी उतरल्या. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पोचून पहिले आले, हॅस्लर ४८ दिवसांत दुसरे. त्यांची 'जेस्टर' फक्त २५ फुटी, तिच्यावर एकच जंक शीड, आणि सगळे दोर मधल्या गोल झाकणाशी आणलेले. त्या झाकणातून डोकं बाहेर काढून ते सगळी बोट चालवत. पुढे मायकेल रिची यांनी तीच बोट १९६४ पासून दोन दशकांहून जास्त काळ अटलांटिकवर फिरवली.

हॅस्लर आणि जॉक मॅकलाउड यांनी आपलं सगळं गणित १९८८ साली पुस्तकरूपानं मांडलं. त्यातली शिडं सपाट कापडाची होती. सपाट शीड बाजूनं किंवा पाठीमागून वारा असताना उत्तम चालतं, पण वाऱ्यावर चढताना शिडाला पोट, म्हणजे फुगवटा, लागतो. पोट नसेल तर बोट पुढे कमी आणि आडवी जास्त सरकते. आधी लोकांनी लवचिक बॅटन लावून पाहिल्या, म्हणजे वाऱ्यानं त्या वाकतील आणि पोट येईल. पण मंद वाऱ्यात, जेव्हा पोट हवं, तेव्हा त्या वाकत नाहीत, आणि जोराच्या वाऱ्यात, जेव्हा नको, तेव्हा धनुष्यासारख्या वाकतात किंवा मोडतात. माझं पहिलं शीड सपाट होतं. सोलंटच्या सामुद्रधुनीत ओहोटीच्या ओढीशी भांडत चार तास टॅक घेत घेत, म्हणजे वाऱ्याच्या कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला नागमोडी वळत, मी त्याच बोयाशी परत आलो होतो. तेव्हा तुमच्या क्लबातल्या माणसानं मला जे ऐकवलं असतं ते मी मान खाली घालून ऐकलं असतं.

१९९० च्या दशकात नॉर्वे आणि इंग्लंडमधल्या हौशी लोकांनी उलटा विचार केला. बॅटन ताठच ठेवायच्या आणि पोट प्रत्येक खणाच्या शिवणीत घालायचं. त्यानं चित्र पालटलं. माझ्या आताच्या बोटीत एका टॅकवरून दुसऱ्या टॅकवर जाताना कंपासमध्ये ९५ ते १०० अंशांचा फरक पडतो. नव्या बर्म्युडा शिडाची शर्यतीची बोट याहून वर जाते, हे मान्य. पण तुमच्या बोटीसारख्या दोन कण्यांच्या (तळाशी दोन पाती असलेल्या), रुंद, जुन्या बोटीत जुन्या शिडांनीही याहून फार जास्त मिळालं नसतं.

पोट शिवायचं कसं ते नीट सांगतो, कारण इथेच लोक अडतात. तुमच्या बोटीला शीड केवढं हवं ते आधी काढू. दोन टन बोट म्हणजे सुमारे १.९५ घनमीटर पाणी बाजूला सारते. त्या आकड्याचं घनमूळ काढून वर्ग केला की १.५६ येतो. त्याला १८ ते २० नं गुणा: २८ ते ३१ चौरस मीटर. पुढे वेगळं मोठं शीड लावायची सोय नसल्यामुळे या एका शिडात कंजुषी करू नका, कमी करणं सोपंच आहे. ३० धरा. त्यासाठी बॅटन ४.८ मीटर लांब, खालचे चार खण १.१५ मीटर उंचीचे समांतरभुज चौकोन, आणि वर तीन निमुळते खण, पंख्याच्या पाकळ्यांसारखे, यार्डपर्यंत गेलेले.

खालच्या खणांना बॅटनच्या लांबीच्या ८ टक्के पोट द्या. ४.८ मीटरचे ८ टक्के म्हणजे ३८ सेंटीमीटर. आता भिंतीवर एका पातळीत दोन खिळे १.१५ मीटर अंतरावर ठोका, म्हणजे खणाच्या उंचीएवढ्या. त्यांना एक बारीक साखळी अडकवा आणि मधोमध ३८ सेंटीमीटर झोळ येईल इतकी सोडा. साखळी काढून मोजा. १.४३ मीटरच्या आसपास भरेल. म्हणजे पोट जिथे सगळ्यात जास्त हवं तिथे कापड १.१५ ऐवजी १.४३ मीटर उंच हवं. २८ सेंटीमीटर जास्तीचे. ते निम्मे वर, निम्मे खाली. म्हणजे खण कापताना वरची आणि खालची कड सरळ न कापता मध्याच्या थोडं पुढे १४ सेंटीमीटर बाहेर फुगवून गोलाईनं कापायची. ही फुगीर कड सरळ बॅटनच्या पट्टीला शिवली की जास्तीचं कापड आपोआप झोळीसारखं पोट धरतं. पोटाची सगळ्यात खोल जागा पुढच्या कडेपासून ३५ ते ४० टक्क्यांवर ठेवा. गोलाई आखायला एक लवचिक लाकडी पट्टी घ्या, तीन खिळ्यांना टेकवून वाकवा आणि खडूनं रेघ ओढा. वरच्या तीन खणांना पोट निम्मं किंवा त्याहून कमी. वादळात तेच खण वर राहणार आणि तेव्हा सपाट शीडच हवं.

शिवण घरी होते. मी गावातल्या सभागृहाची लाकडी फरशी एका रविवारी भाड्यानं घेतली, गुडघ्यांना जुन्या उशा बांधल्या आणि सगळे खण एका दिवसात कापले. शिवले मात्र घरच्या जेवणाच्या टेबलावर, झिगझॅग टाका घालणाऱ्या जुन्या लोखंडी मशीनवर. खणाखणानं काम होत असल्यामुळे एका वेळी सुईखाली पाच चौरस मीटरच कापड येतं, ३० नाही. धागा उन्हात टिकणारा पॉलिएस्टरचा घ्या, यात पैसे वाचवू नका, कापडाच्या आधी धागाच कुजतो. कापड म्हणून छपरीच्या कनातीसाठी वापरतात ते ॲक्रिलिक चांगलं, उन्हाला चिवट आणि हाताला मऊ.

पण त्याच्याही आधी माझा आग्रह आहे की पहिलं शीड ताडपत्रीचं करा. हो, आपण पावसाळ्यात पडवीला बांधतो तीच निळी प्लॅस्टिकची ताडपत्री. कडा चिकटपट्टीनं जोडून मग शिवा. एक उन्हाळा ती आरामात चालते. त्या एका उन्हाळ्यात तुम्हाला कळेल की पोट जास्त झालं का, बूम डोक्याला लागते का, शीड चार बोटं पुढे सरकवायला हवं का. मग तेच माप सुधारून चांगलं कापड कापा.

आता डोलकाठी. ही काठी तारांशिवाय उभी राहते, झाडासारखी. खाली कण्यावर तिचा पाय, वर डेकमधून बाहेर. तिच्यावर सगळ्यात जास्त वाकणारा जोर येतो तो डेकपाशी. आणि हा जोर किती, ते वारा ठरवत नाही, बोट ठरवते. वारा वाढला की बोट कलते. बोट जितक्या जोरानं स्वतःला सरळ करू बघते तितकाच जोर काठीवर येतो, त्याहून जास्त येऊ शकत नाही. तुमच्या बोटीसाठी मी हा जोर जास्तीत जास्त ९०० किलो-मीटर धरेन, म्हणजे दोन टन गुणिले सुमारे ४५ सेंटीमीटर. डग्लस फरची भरीव काठी डेकपाशी १८ सेंटीमीटर जाड घेतली तर हा जोर लाकडाच्या मोडण्याच्या ताकदीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढा होतो. ॲल्युमिनियमची नळी १५ सेंटीमीटर व्यासाची आणि ५ मिलिमीटर जाडीची घेतली तर चांगल्या मिश्रधातूच्या वाकण्याच्या मर्यादेच्या निम्म्याहून कमी. दोन्ही चालतील. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी निमुळत्या नळ्या बनवतात, त्यांतून अनेकांनी डोलकाठ्या केल्या आहेत.

मला स्वतःला लाकडाची पोकळ काठी आवडते. आठ लांब पट्ट्या, प्रत्येकीच्या एका कडेला व्ही आकाराची खाच, एकमेकींत बसवून गोल करायच्या आणि इपॉक्सीनं चिकटवायच्या. आतली पोकळी बाहेरच्या व्यासाच्या ६० टक्के ठेवली तर वजन ३६ टक्क्यांनी उतरतं आणि ताकद फक्त १३ टक्क्यांनी. साडेनऊ मीटरची भरीव निमुळती काठी ७५ किलोच्या आसपास भरते, हीच पोकळ केली की पन्नाशीच्या खाली येते. एवढ्या उंचीवरचं २५ किलो वजन कमी होणं बोटीला प्रत्येक लाटेत जाणवतं. डेकच्या आसपासचा भाग आणि टोक मात्र आतून भरीव ठेवा.

काठीची जागा शिडावरून ठरते. जुन्या शिडांचा केंद्रबिंदू कागदावर काढा: पुठ्ठ्यावर प्रमाणात आराखडा काढून कापा, सुईच्या टोकावर तोला, जिथे तोलेल तो बिंदू. नव्या शिडाचा बिंदू त्याच्या आसपास आणा. शिडाचा १२ टक्के भाग काठीपुढे ठेवला तर काठी या बिंदूच्या सुमारे १.७ मीटर पुढे येते, म्हणजे बहुधा तुमच्या पुढच्या झोपायच्या जागेत, नाळेजवळ (बोटीच्या पुढच्या टोकाशी). ती जागा गेली असं धरूनच चाला. तिथे आता दोघांना झोपता येणार नाही, काठीला मिठी मारून एकाला येईल.

डेकला मजबुती किती लागते त्याचा अंदाज घ्या. काठीच्या पायापासून डेकपर्यंत १.१ मीटर अंतर असेल तर ९०० भागिले १.१, म्हणजे पायाला आडवा जोर ८०० किलोवर, आणि डेकपाशी शिडाची ओढ मिळवून हजार किलोच्या घरात. फायबरचं जुनं डेक यासाठी केलेलं नसतं. खालून प्लायवूडचे दोन थर, दोन्हीकडच्या आडव्या भिंतींपर्यंत नेऊन इपॉक्सी आणि काचेच्या कापडात बसवा. मी पहिल्या बोटीत डेकच्या भोकात काठीभोवती मऊ लाकडाच्या पाचरी ठोकल्या होत्या. दोन महिन्यांत त्या चेपल्या. नांगरावर रात्रभर ठक ठक आवाज, आणि सकाळी भोकाभोवती केसासारखी बारीक भेग. चूक सर्वस्वी माझी होती. आता भोवती दोन बोटं जागा ठेवून कडक पॉलियुरेथेन रबर ओततो, काठी हलतही नाही आणि पाणीही आत येत नाही.

हे आकडे कलण्यापुरते आहेत, उलटण्यापुरते नाहीत. १९६८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत बिल किंग यांची 'गॅलवे ब्लेझर २' तारांशिवायच्या दोन डोलकाठ्यांवर जंक शिडं घेऊन निघाली होती. दक्षिण अटलांटिकमध्ये लाटेनं तिला उलटवलं, काठ्या निकामी झाल्या आणि केपटाउनला शर्यत संपली. ती शर्यत पूर्ण करणारी एकमेव बोट, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली', आपल्या मुंबईत बांधलेली, सागवानाची. म्हणून तारा लावलेली काठी मोडत नाही असं मात्र नाही. त्याच शर्यतीच्या २०१८ च्या नव्या आवृत्तीत गोव्यात बांधलेल्या, 'सुहेली'च्याच नमुन्याच्या 'थुरिया'त अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात उलटले, तेव्हा तारांची काठीही मोडली आणि त्यांच्या पाठीला गंभीर इजा झाली. तुम्ही किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरणार आहात. तुमच्यासाठी वरचा हिशेब पुरेसा आहे, महासागरात जायचं ठरलं तर काठी पुन्हा मोजू.

शीटच्या रचनेत माझी दुसरी चूक झाली होती, ती तुम्ही टाळा. बॅटनच्या टोकांपासून येणारे छोटे दोर तीन-तीन टोकांच्या दोन गटांत कप्प्यांतून फिरतात. शिडाची मागची कड आणि बोटीच्या मागच्या कठड्यावरची कप्पी यांच्यात पुरेसं अंतर नसेल तर शीड दोन खण उतरवलं की वरची कप्पी खालच्या कप्पीला येऊन टेकते. मग शीट कितीही ओढा, शीड आत येत नाही. वादळात, नेमकं जेव्हा आत यायला हवं तेव्हा. माझ्या बोटीला मागे ६० सेंटीमीटर बाहेर काढलेला स्टीलचा नळीचा कठडा बसवावा लागला. आराखडा काढताना शीड पूर्ण चढलेलं तर काढाच, पण एक, दोन, तीन, चार खण उतरवलेल्या स्थितीही कागदावर काढा आणि प्रत्येक स्थितीत दोर मोजा. दोन संध्याकाळी जातील, पण जाऊ द्या.

दोन सुधारायचे दोर लागतात. एक यार्डला काठीजवळ ओढून धरणारा, दुसरा शिडाची पुढची कड मागे खेचणारा. शीड चढवलं की कापडावर तिरक्या मोठ्या सुरकुत्या दिसतील. नवा माणूस घाबरतो, कापणी चुकली म्हणतो. यार्डचा दोर ओढा, मग पुढच्या कडेचा, सुरकुत्या जातात. शीड चढवताना हे दोन्ही दोर आणि शीट सैल हवेत, नाहीतर शीड वर जाणारच नाही आणि तुम्ही हॅलयार्डवर व्यर्थ घाम गाळाल. उतरवताना मात्र प्रत्येक खणानंतर यार्डचा दोर पुन्हा आवळा, नाहीतर यार्ड काठीवर आपटत राहतं. हॅलयार्डला चारपट कप्पी घ्या. शीड, यार्ड, बॅटन मिळून ३५ किलो तरी होतात. चारपटीमुळे तुमच्या पत्नीला ते हातानं चढवता येईल, विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चक्रीवर, शेवटचा हात द्यावा लागेल तेवढाच. त्याची किंमत म्हणजे पायाशी दोराचा ढीग. १.१५ मीटरचा एक खण उतरवायला साडेचार मीटरहून जास्त दोर सोडावा लागतो. दोर ठेवायला कापडाच्या पिशव्या शिवा, नाहीतर ऐन वेळी पायात येतो.

पाठीमागून वारा असताना बाजू बदलणं, जाइब, ज्याला बर्म्युडा बोटीत सगळे भितात, ते इथे बरंच सौम्य होतं. काठीपुढचा भाग वाऱ्यात येऊन मागच्या भागाला आवरतो. तरी जोराच्या वाऱ्यात आधी दोन खण उतरवा आणि मग जाइब घ्या. पूर्ण शिडानं घेतलं आणि वरचे खण उलटे फिरून पंख्यासारखे दुमडले तर दोर बॅटनच्या टोकांत अडकतात आणि ते सोडवायला खरोखर डेकवर जावं लागतं.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. मंद वाऱ्यात, उसळत्या पाण्यात बोट रेंगाळते. शीड उतरवलेलं असतानाही काठ्यांचा जुडगा वर लटकत असतो, त्याला वारा लागतो. पॅरल आणि बॅटन डोलकाठीवर घासत राहतात, दरवर्षी चामड्याच्या पट्ट्या बदलाव्या लागतात. पुढे शीड नसल्यामुळे टॅक घेताना बोट मध्येच अडली तर नाळ ओढून न्यायला काही नसतं, म्हणून टॅक घ्यायच्या आधी वेग धरावा लागतो, सुकाणू हलकेच फिरवावं लागतं. विकताना गिऱ्हाईक कमी मिळतं.

दोघांना झेपेल का, हे विचारताना तुम्ही बहुधा पत्नीचा विचार केलात. मी म्हणेन की त्यांना सुरुवातीपासून हॅलयार्डवर ठेवा, सुकाणूवर नाही. ॲनी आणि पीट हिल या जोडप्यानं प्लायवूडची ३४ फुटी 'बॅजर' स्वतः बांधली, दोन जंक शिडांवर वर्षानुवर्षं महासागर फिरले, तेही अगदी थोड्या पैशांत. त्यांच्या बोटीवर दोघांपैकी कुणीही एकटा पहारा देत असताना दुसऱ्याला न उठवता शीड कमी करू शकत असे.

कामाचा क्रम असा ठेवा: या हिवाळ्यात पुठ्ठ्यावरचा आराखडा आणि डेकची मजबुती, मार्चपर्यंत डोलकाठी, एप्रिलमध्ये ताडपत्रीचं शीड. पहिल्या दिवशी बोट हलवूच नका. वारा नसलेल्या सकाळी, बोयाला बांधलेल्या बोटीत, शीड वीस वेळा चढवा आणि वीस वेळा उतरवा, दहा तुम्ही, दहा त्यांनी. शेवटचे चार डोळे मिटून. हॅलयार्डवर सुताचे वेढे कुठे हवेत ते तेव्हाच कळेल, तिथेच गुंडाळा. काठीच्या पायापासून डेकपर्यंतचं नेमकं अंतर आणि दोन्ही आडव्या भिंतींची मापं मोजून पाठवलीत तर काठीची जाडी मी पुन्हा तपासून कळवतो.